ऑपेरा आणि म्युझिकलचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम: निवेदकाने काय सांगावे, केव्हा सांगावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान रेडिओ केंद्राने विचारणाऱ्यांना दर आठवड्याला दोन तासांची वेळ देऊ केली आहे आणि त्यात ऑपेरा व म्युझिकल असे संगीत रंगभूमीचे दोन्ही प्रकार सादर करायचे आहेत. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणांचा चांगला संग्रह आहे, आवडही आहे, पण निवेदनाचा अनुभव नाही. किती बोलावे, कथानक किती सांगावे, संपूर्ण कृती लावावी की निवडक भाग, आणि भाषा न समजणारा श्रोता कसा टिकवावा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी असा कार्यक्रम बऱ्याच वर्षांपासून करत आले आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीतून निघतात: श्रोत्याला रंगमंच दिसत नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला भाषा कळली नाही तरी कोण कोणाकडे पाहतो आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोण दाराआड लपले आहे, हे दिसत असते. रेडिओच्या श्रोत्याकडे यांपैकी काहीही नसते. म्हणून पुढच्या काही मिनिटांत त्याला जे दिसायला हवे होते आणि दिसणार नाही, तेवढे नेमके आधी सांगायचे आणि बाजूला व्हायचे, हे निवेदकाचे पहिले काम आहे. संगीतकाराचे चरित्र, गायकांची तुलना, प्रयोगाचा इतिहास हे सगळे महत्त्वाचे आहे, पण त्याची जागा नंतरची आहे.

एक उदाहरण सविस्तर घेते. व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो'चा (पहिला प्रयोग व्हेनिस, ११ मार्च १८५१) तिसरा अंक साधारण अर्ध्या तासाचा आहे आणि रेडिओसाठी मला तो सर्वांत सोयीचा वाटतो. त्याआधी मी जे निवेदन करते ते जवळपास असे असते:

'रात्रीची वेळ आहे. नदीकाठी एक पडकी खानावळ आहे. भिंतीच्या आत ड्यूक आहे, बाहेर अंधारात रिगोलेत्तो आणि त्याची मुलगी जिल्डा उभे आहेत. ड्यूकने जिल्डाला फसवले आहे, तरी तिचे त्याच्यावर प्रेम आहे. ड्यूकला मारण्यासाठी रिगोलेत्तोने एका मारेकऱ्याला अर्धे पैसे देऊ केले आहेत. उरलेले अर्धे मध्यरात्री, प्रेत पोत्यात घालून ताब्यात मिळाल्यावर. मारेकऱ्याच्या बहिणीला मात्र ड्यूक आवडला आहे. मध्यरात्रीच्या आत दुसरा कोणी दारात आला तर ड्यूकऐवजी त्याला मारायचे, असे ती भावाकडून कबूल करून घेते. जिल्डा बाहेरून हे ऐकते आणि भर वादळात, पुरुषाच्या वेशात, दार ठोठावते. पोत्यात कोण आहे हे आता आपल्याला ठाऊक आहे, रिगोलेत्तोला नाही. त्याला ते एका गाण्यामुळे कळेल. ते गाणे अंकाच्या सुरुवातीलाच येते, तेवढे लक्षात ठेवा.'

हे वाचायला सुमारे एक मिनिट लागते आणि यातले प्रत्येक वाक्य पुढे कोठेतरी उपयोगी पडते. भिंत सांगितली नाही, तर प्रसिद्ध चौकडीगीतात दोन आवाज आत आणि दोन बाहेर आहेत हे कळणार नाही. एक लाघवीपणे आर्जव करतो आहे, एक हसते आहे, एकीचे काळीज फाटते आहे आणि एक सूडाची भाषा बोलतो आहे, हे सगळे एकाच वेळी चालू आहे. भिंतीशिवाय ते केवळ चार गोड आवाजांचे गुंफण होऊन बसते. पोते सांगितले नाही, तर शेवटचा आघात कळणारच नाही. ड्यूकचे 'ला दोन्ना ए मोबिले' या अंकात तीनदा येते: प्रथम पूर्ण, नंतर झोपेने जड झालेल्या आवाजात तुकड्यातुकड्याने, आणि शेवटी दुरून, रिगोलेत्तो पोते नदीत लोटण्याच्या बेतात असताना. ज्याला मेलेला समजतो आहे त्याचाच आवाज त्याला ऐकू येतो. या क्षणी रंगमंचावर पाहण्यासारखे फारसे काही नसते. कानाला जे ऐकू येते त्यातच सारे नाट्य आहे. रेडिओच्या श्रोत्याला इथे प्रेक्षागृहातल्या प्रेक्षकापेक्षा तसूभरही कमी मिळत नाही, फक्त त्याची आधी तयारी करून द्यावी लागते.

या निवेदनात काय नाही, तेही पाहा. व्हिक्टर ह्यूगोच्या ज्या नाटकावर हा ऑपेरा आधारलेला आहे त्यावर १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्याच प्रयोगानंतर बंदी आली, व्हेर्दीलाही सेन्सॉरशी झगडावे लागले, ही माहिती रंजक आहे. पण अंक सुरू होण्याच्या तोंडावर ती दिली, तर श्रोत्याचे लक्ष खानावळीवरून उडून १८३२ मध्ये जाते. वादळाच्या वेळी वाऱ्याचा जो आवाज येतो तो पडद्याआडचा पुरुषांचा कोरस तोंड मिटून काढत असतो, हेही मी अंक संपल्यावरच सांगते. ते ऐकून पुढच्या वेळी लोक तो भाग मुद्दाम कान देऊन ऐकतात.

शेवट आधी फोडावा का, हा प्रश्न नेहमी येतो. ऑपेराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: फोडावा, पण सगळा नाही. इटालियन किंवा जर्मन न कळणाऱ्या श्रोत्याला न सांगता सोडले तर त्याला धक्का बसत नाही, तो फक्त गोंधळतो. पोत्यात कोण आहे हे मी सांगते. रिगोलेत्तो ते कसे सोसतो हे सांगत नाही, कारण ते संगीत सांगते. म्युझिकलच्या बाबतीत, विशेषतः नवीन कृती असेल तर, मी अधिक हात राखून बोलते. तिथे भाषा बहुतेकांना कळत असते आणि पुष्कळांना तो प्रयोग पुढे कधीतरी पाहायचा असतो.

संपूर्ण ऑपेरा लावायचा असेल तर साऱ्या अंकांचे कथानक सुरुवातीला एकदम सांगू नका. ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. प्रत्येक अंकाआधी त्या अंकापुरते सांगा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या अंकाच्या आधी मागे काय झाले ते एका वाक्यात आणा, कारण रेडिओ लोक मध्येच लावतात. कथानक वर्तमानकाळात सांगावे. 'आला होता', 'गेली होती' या रचनेने घटना जुनी होते. नावांचा भडिमार टाळावा. ऐकणाऱ्याच्या ध्यानात एका वेळी तीन-चारच नावे राहतात, म्हणून वरच्या निवेदनात मारेकऱ्याला आणि त्याच्या बहिणीला मी नावे दिलेली नाहीत. ती दोघे नाते आणि धंदा यांवरूनच ओळखू येतात.

काही कृतींत मूळ घटना पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेलेली असते. 'इल त्रोव्हातोरे' (१८५३) हे त्याचे ठळक उदाहरण. जिप्सी आजूचेनाने सूड घेण्यासाठी सरदाराचे मूल आगीत टाकायला नेले आणि भ्रमिष्ट अवस्थेत स्वतःचेच मूल टाकले, हे कळल्याशिवाय पुढचे सगळे निरर्थक वाटते. या कथानकाची गुंतागुंतीबद्दल फार टिंगल होते आणि मला ती अन्यायाची वाटते. निवेदकाने एवढी एक घटना नीट सांगितली, आणि सरदाराचे जगलेले मूल आजूचेनाने आपले म्हणून वाढवले आहे हे जोडले, तर बाकीचा ऑपेरा अगदी सरळ चालतो.

जिथे कोणी गात नाही तिथे निवेदकाची गरज सर्वांत जास्त असते. 'तोस्का'च्या (रोम, १४ जानेवारी १९००) दुसऱ्या अंकाच्या शेवटी तोस्का पोलीसप्रमुख स्कार्पियाला सुरीने भोसकते आणि त्यानंतर काही मिनिटे जवळजवळ फक्त वाद्यवृंद वाजतो. त्या वेळात ती मेलेल्या माणसाच्या मुठीतून परवान्याचा कागद काढून घेते, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते आणि निघून जाते. हे ज्याला माहीत नाही तो रेडिओचा श्रोता समजतो की अंक संपला आणि उगीच लांबला आहे. अशा वेळी संगीतावर बोलण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने आवरावा; जे सांगायचे ते अंकापूर्वी सांगून ठेवावे.

संगीत चालू असताना बोलू नये, हा धडा या माध्यमाने फार लवकर घेतला. रेडिओवर ऑपेरा अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे: बीबीसीने ८ जानेवारी १९२३ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधून मोझार्टचा 'द मॅजिक फ्लूट' प्रसारित केला होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २५ डिसेंबर १९३१ रोजी हम्परडिंकच्या 'हेन्झेल आणि ग्रेटेल'पासून नेटवर्कवरची आपली प्रसारणे सुरू केली, तेव्हा समालोचक डीम्स टेलर संगीत चालू असतानाच अधूनमधून माहिती देत असत आणि श्रोत्यांनी त्यावर नापसंती कळवली. त्याच प्रसारणांचे उद्घोषक मिल्टन क्रॉस यांनी मात्र १९३१ पासून १९७५ मध्ये निधन होईपर्यंत हे काम केले. त्यांची पद्धत साधी होती: पडदा उघडण्यापूर्वी कथानक, नेपथ्य आणि वेशभूषा यांचे सावकाश, ठळक उच्चारात वर्णन करायचे आणि पडदा उघडला की थांबायचे. मध्यंतरात प्रश्नमंजूषा, मुलाखती, चर्चा असे कार्यक्रम होत, म्हणजे बाकीच्या माहितीला तिथे जागा मिळे. आज त्यांची शैली थोडी जडशीळ वाटेल, पण कोणती गोष्ट कोठे सांगायची याची त्यांची विभागणी अजूनही मला सर्वांत योग्य वाटते.

आता ध्वनिमुद्रणाच्या निवडीबद्दल. संग्रहात एकाच ऑपेराची चार ध्वनिमुद्रणे असतील, तर आपल्याला सर्वांत आवडणारे घेण्याऐवजी ज्यात रंगमंच सर्वांत जास्त ऐकू येतो ते घ्यावे. निर्माते जॉन कल्शॉ यांनी डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नात, जॉर्ज शोल्टी यांच्या संचालनाखाली, वाग्नरचे 'रिंग' (चार ऑपेरांची मालिका) ध्वनिमुद्रित केले तेव्हा त्यांचा सारा भर यावरच होता. गायकांना स्टीरिओच्या पटावर डावीउजवीकडे फिरवले, आणि त्यातल्या पहिल्या ऑपेरात, 'दास राइनगोल्ड'मध्ये, वाग्नरने अठरा ऐरणी लिहिल्या आहेत म्हणून खरोखरच अठरा ऐरणी आणवल्या. दुसरीकडे प्रत्यक्ष प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणात खोकला, पावलांचे आवाज, टाळ्या असतात आणि गायकाला श्वास पुरतो की नाही याची धाकधूकही असते. गायिका मारिया कॅलासचा लिस्बनमधला १९५८ चा 'ला त्राव्हियाता' ध्वनीच्या दृष्टीने कमी प्रतीचा आहे, तरी शेवटचा अंक ऐकवायचा झाल्यास मी तोच निवडेन. मात्र असे जुने ध्वनिमुद्रण लावताना त्याचा ध्वनी कसा आहे हे आधी एका वाक्यात सांगावे. नाहीतर श्रोत्याला आपल्याच संचात बिघाड झाला असे वाटते.

कोणती आवृत्ती आहे हेही तपासून घ्यावे. 'कार्मेन' (पॅरिस, ३ मार्च १८७५) मुळात बोलक्या संवादांसह रचला होता. बिझेच्या मृत्यूनंतर एर्नेस्त गिरो यांनी त्या संवादांच्या जागी गायली जाणारी रेसिटेटिव्ह (बोलण्याच्या ढंगातले गायन) रचली. दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे मिळतात आणि दोन्हींचा पोत वेगळा आहे. काही ध्वनिमुद्रणांत संवाद अगदी छाटलेले असतात, त्यामुळे दोन गाण्यांमधली कथा निवेदकाला पुरवावी लागते.

म्युझिकलमध्ये हीच अडचण मुळात असते, कारण कास्ट अल्बममध्ये, म्हणजे प्रयोगातल्या नटसंचाने केलेल्या ध्वनिमुद्रणात, बहुधा गाणीच असतात. १९४३ मध्ये डेक्काने 'ओक्लाहोमा!' मूळ नटसंचासह आणि मूळ वाद्यवृंदासह मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर काढला आणि त्याच्या यशानंतर असे अल्बम काढण्याचा प्रघातच पडला. एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत, त्यामुळे गाणी आखूड केली जात, नृत्यसंगीत गाळले जाई. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली तेव्हा थोडी मोकळीक मिळाली. म्हणून जुन्या कृतीसाठी मूळ संच आणि नंतरचे अधिक संपूर्ण ध्वनिमुद्रण अशी दोन्ही जवळ ठेवावीत. ज्या नटासाठी गाणे लिहिले त्याचा आवाज पहिल्यात मिळतो आणि गाण्याची पूर्ण घडण दुसऱ्यात.

ऑपेराचे शब्द कळत नाहीत म्हणून आपण सांगतो. म्युझिकलचे शब्द कळतात म्हणून काही सांगायला नको असे वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. शब्द कळले तरी प्रसंग कळत नाही. स्टीफन सॉन्डहाइम यांचे 'सेंड इन द क्लाउन्स' हे गाणे ('अ लिटल नाइट म्युझिक', १९७३) लोकांनी स्वतंत्र गाणे म्हणून शेकडो वेळा ऐकलेले असते. देझिरे या नटीने आयुष्यभर टाळलेली गोष्ट नुकतीच केली आहे, जुन्या प्रियकराला 'आता आपण एकत्र राहू' असे सुचवले आहे, आणि त्याने आपल्या तरुण पत्नीपायी नकार दिला आहे, हे सांगून मग गाणे लावा. तेच गाणे वेगळे ऐकू येते. मूळ भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्स यांना लांब सूर धरणे सोपे नव्हते, म्हणून सॉन्डहाइम यांनी आखूड वाक्यांचे, प्रश्नांचे गाणे बांधले, हे नंतर सांगावे. मग श्रोता ती थांबत थांबत येणारी वाक्ये पुन्हा आठवून पाहतो.

'कॅरोसेल'मधले (१९४५) बिलीचे 'सोलिलोकी' तर सात-आठ मिनिटांचे संपूर्ण नाट्य आहे. कामधंदा सुटलेल्या बिलीला आपण बाप होणार हे नुकतेच कळले आहे. तो मुलाच्या स्वप्नात रमतो, मध्येच 'मुलगी झाली तर?' हा विचार येतो आणि सूर बदलतो, आणि शेवटी पैसा कसाही मिळवायचाच या निश्चयाशी तो पोहोचतो. पुढच्या दरोड्याचे मूळ इथे आहे. वेळ कमी आहे म्हणून या गाण्याचा शेवट फेडरने (आवाजाची पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीने) उतरवला तर गाण्यात ज्यासाठी इतका वेळ घालवला तेच निघून जाते. मी तर म्हणेन की अशी रचना पूर्ण लावायला वेळ नसेल तर ती त्या आठवड्यात घेऊच नये.

प्रसंग सांगितल्याने ऑपेरातलीही अतिपरिचित गाणी ताजी होतात. पुच्चीनीच्या 'ज्यानी स्कीक्की'मधले 'ओ मिओ बाब्बीनो कारो' हे कोणा प्रेमिकाला उद्देशून नाही. लौरेत्ता आपल्या बापाला गळ घालते आहे, आवडत्या मुलाशी लग्न होऊ दिले नाही तर आर्नो नदीत उडी टाकीन अशी धमकी देते आहे, आणि हे सगळे मृत्युपत्राच्या भानगडीवर उभ्या असलेल्या एका प्रहसनात घडते आहे. लाडिकपणा, खरी ओढ आणि बापाला वळवण्याची हुशारी या तिन्ही गोष्टी त्या दोन-अडीच मिनिटांत ऐकू येतात.

दोन्ही प्रकार एकाच कार्यक्रमात घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. एक आठवडा ऑपेरा आणि एक आठवडा म्युझिकल अशी वाटणी केली की दोन वेगळे श्रोतृवर्ग तयार होतात आणि प्रत्येक जण एकाआड एक आठवडा रेडिओ बंद ठेवतो. त्याऐवजी जोड्या शोधाव्यात. 'रिगोलेत्तो'तील चौकडीगीतानंतर बर्नस्टीन यांच्या 'वेस्ट साइड स्टोरी'मधले (१९५७) 'टुनाइट'चे पंचकडीगीत लावून पाहा: दोन टोळ्या, अनिता, टोनी आणि मारिया, प्रत्येकाला त्या रात्रीकडून वेगळे काही हवे आहे आणि पाचही धागे एकाच वेळी विणले जात आहेत. व्हेर्दी आणि बर्नस्टीन यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर असले तरी नाट्याचे कोडे एकच आहे आणि उकलही जवळची आहे. 'ला बोएम' (तुरिन, १ फेब्रुवारी १८९६) आणि त्यावर बेतलेला 'रेंट' (१९९६), 'मादामा बटरफ्लाय' आणि 'मिस सायगॉन' या जोड्या सर्वपरिचित आहेत. मध्ये ऑपेरेटाचा (हलक्याफुलक्या, संवाद असलेल्या ऑपेराचा) पूलही आहे: ओफेनबाख, योहान स्ट्राउस यांचा 'डी फ्लेडरमाउस', गिल्बर्ट आणि सलिव्हन. गर्शविन यांचा 'पोर्गी अँड बेस' तर १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आलेला ऑपेराच आहे. मात्र जोडी लावताना 'यातले श्रेष्ठ कोणते' असा सूर लावू नये. ज्याला ऑपेरा अवघड वाटतो आणि ज्याला म्युझिकल हलके वाटते, असे दोघेही तुमचेच श्रोते आहेत.

उच्चारांकडे दुर्लक्ष करू नका. चुकीच्या उच्चाराने जाणकार श्रोत्याचा तुमच्या बाकीच्या माहितीवरचा विश्वासही डळमळतो. मी संहितेत प्रत्येक परके नाव देवनागरीत लिहून ठेवते आणि हवेत तेच वाचते. इटालियनमधली दुहेरी व्यंजने आपल्या जोडाक्षरांत अचूक उतरतात: स्कीक्की, पुच्चीनी, जोव्हान्नी. यानाचेकचा ऑपेरा 'येनुफा', 'जेनुफा' नव्हे. खात्री नसेल तेव्हा त्या भाषेतल्या निवेदकाचे किंवा गायकाचे ध्वनिमुद्रण शोधून ऐकावे. रोमन लिपीतले स्पेलिंग पाहून अंदाजाने उच्चार करू नये.

तांत्रिक बाजूबद्दल दोनच गोष्टी. पहिली आवाजाच्या पातळीची. ऑपेराच्या ध्वनिमुद्रणात अतिमंद आणि अतितीव्र यांच्यात प्रचंड अंतर असते आणि श्रोता बहुधा गाडीत किंवा घरकाम करताना ऐकत असतो. मंद भाग सुरू होण्याआधीच फेडर हळूच थोडा वर घ्यावा. मध्येच उचलला तर ते चटकन कळते आणि गायकाचा स्वर फुगल्यासारखा वाटतो. स्वतःचा आवाज वाद्यवृंदाच्या भरगच्च पातळीपेक्षा खाली ठेवावा. मंद सुरात संपलेल्या अंकानंतर निवेदकाचा आवाज अंगावर आदळणे, हा या कार्यक्रमांतला सर्वांत जास्त ऐकू येणारा दोष आहे. शेवटचा सूर विरल्यावर तीन-चार सेकंद मोकळी सोडावीत. केंद्रात शांतता ओळखून आपोआप दुसरे संगीत सुरू करणारी यंत्रणा असेल, तर ती किती सेकंदांनी जागी होते हे अभियंत्याला विचारून ठेवावे, कारण वाग्नरच्या काही आरंभांत संगीत इतके मंद असते की यंत्रणेला ती शांतताच वाटू शकते.

दुसरी गोष्ट वेळेच्या हिशेबाची. कार्यक्रम नेहमी शेवटाकडून मोजत यावा: समाप्तीची वेळ, त्याआधी समारोपाची उद्घोषणा, त्याआधी शेवटच्या रचनेची लांबी, म्हणजे ती केव्हा सुरू झाली पाहिजे हे कळते. दोन-तीन ओव्हर्चर (ऑपेराच्या आरंभीचे वाद्यसंगीत) आणि इंटरमेझो (मधले वाद्यसंगीत) उरलेला वेळ भरण्यासाठी तयार असू द्यावेत. वाद्यसंगीत कमीजास्त करता येते, आरिया (एकल गीत) करता येत नाही.

हक्कांबाबत केंद्राच्या संबंधित व्यक्तीशी आरंभीच बोलून घ्या, कारण नियम देशागणिक बदलतात आणि रेडिओ लहरी व इंटरनेट यांना वेगवेगळे लागू होतात. अमेरिकेत इंटरनेटवरील प्रसारणाच्या वैधानिक परवान्यात एकाच अल्बममधले तीनपेक्षा जास्त ट्रॅक तीन तासांच्या आत वाजवता येत नाहीत, आणि सलग तर दोनच. ऑपेराचे एकेक ध्वनिमुद्रण डझनावारी ट्रॅकमध्ये विभागलेले असते, त्यामुळे ध्वनिमुद्रण कंपनीची स्वतंत्र परवानगी नसेल तर संपूर्ण कृती या परवान्याखाली बसत नाही. म्युझिकलमध्ये गाण्यांच्या जोडीला संवादही वाचून पूर्ण कथा उभी करायची असेल, तर नाट्यप्रयोगाचे हक्क वेगळे घ्यावे लागू शकतात. प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगून गाणे लावणे आणि संवाद पात्रांच्या आवाजात सादर करणे यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या काही आठवड्यांसाठी माझी सूचना अशी. सुरुवात 'रिगोलेत्तो'चा तिसरा अंक आणि 'वेस्ट साइड स्टोरी'ने करा. दुसऱ्या आठवड्यात 'ज्यानी स्कीक्की' पूर्ण घ्या. तो तासाभरात संपतो आणि श्रोत्याला एक संपूर्ण ऑपेरा ऐकल्याचे समाधान मिळते. उरलेल्या वेळेत विनोदी म्युझिकल येऊ द्या. तिसऱ्यात 'कॅरोसेल'. चौथ्यात बार्टोकचा 'ब्लूबियर्ड्स कॅसल': दोनच गायक, सात बंद दारे, प्रत्येक दारामागे वाद्यवृंदाचा वेगळा रंग, आणि लांबी सुमारे एक तास. तिथे कोणत्या दारामागे काय आहे एवढीच यादी आधी वाचून दाखवावी लागते. पाचवे दार उघडते तेव्हा काय होते हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. वाग्नरची घाई नको, पण दोन महिन्यांनी 'डी वाल्क्यूरे'चा पहिला अंक जरूर घ्या. तीनच पात्रे आहेत आणि तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. घराच्या मधोमध उभ्या असलेल्या झाडात एक तलवार रुतलेली आहे आणि आजवर ती कोणालाही उपसता आलेली नाही, हे मात्र अंक सुरू होण्यापूर्वी सांगायला विसरू नका.